सिरोंच्याची दोन मेडिकल आणि माझ्या उवा

ऐंशीच्या दशकात मला पहिली नोकरी लागली ती सिरोंच्याच्या एका शाळेत, शास्त्र शिकवायची. वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात होते आणि आमचं सगळं घर तिथल्या क्वार्टरमध्ये. तिथून सिरोंच्याला जायचं म्हणजे सकाळी एसटीत बसायचं, जंगल संपत नाही म्हणून कंटाळून झोपायचं आणि जाग आली की आणखी जंगल बघायचं. शेवटी एकदाचं राज्याच्या हद्दीवरचं ते गाव यायचं. बसमधून उतरलं की निम्मे लोक तेलुगूत बोलत असायचे आणि उरलेले आपल्यासारखं मराठी, पण भांडण लागलं की तेही तेलुगूत.

गावात दवाखाना होता. पण दवाखान्यात जाणं म्हणजे आपण खरंच आजारी आहोत हे सगळ्यांना सांगणं. बारीकसारीक दुखण्याला लोक मेडिकलमध्ये जात. मेडिकलवाल्यासमोर उभं राहायचं, काय होतंय ते सांगायचं, तो कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून देणार. त्या गोळ्या कसल्या हे त्यालाही नेहमी माहीत असेच असं नाही, पण बऱ्याचदा गुण यायचा.

बसस्टँडसमोरच्या मेडिकलचे मालक नागपूरकडचे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंना कमी ऐकू यायचं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते या गावचे लोकच हळू बोलायचे. गिऱ्हाईक काही पुटपुटलं की भाऊ ते मोठ्यानं परत म्हणून खात्री करून घेत, आणि ही खात्री स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बसपर्यंत पोचत असे. दुकानाच्या पायरीशी एक लांब बाकडं होतं. त्यावर बसची वाट बघणारे बसत, आणि ज्यांना कुठंच जायचं नाही असेही.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती खोकल्याच्या गोळ्यांसाठी. माझ्या आधी एक उंचापुरा, मोठ्या मिशांचा फॉरेस्ट गार्ड उभा होता. तो पुढे वाकून काहीतरी कुजबुजला.

"का म्हणता?" भाऊ ओरडले. "जुलाब व्हाचं औषध पायजे का थांबाचं पायजे?"

गार्ड आणखी वाकला.

"होत नाई म्हणता? कवापासून होत नाई?"

बाकड्यावरून एक म्हातारी म्हणाली, "पपई खाय म्हणा त्याले." दुसरा म्हणाला, पपईनं काही होत नाही, गरम पाणी प्यावं. बाकड्यावर दोन पक्ष पडले. गार्ड पुडी घेऊन खाली मान घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना बघितलं, तो सायकलवरून स्टँडपुढून चालला होता आणि बाकडं एका आवाजात विचारत होतं, "झालं काय?"

असल्या दुकानाशी माझं वर्षभर नीट जमलं, कारण मला खोकल्यापलीकडे काही झालं नाही. मग शाळेचं गॅदरिंग आलं.

मुलींचा नाच मी बसवला होता. शाळेत आरसा एकच, तोही पुस्तकाएवढा. नाचाच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या डोक्याला डोकी लावून त्या आरशात बघत होतो. मी मुलींच्या वेण्या घातल्या, फिती बांधल्या आणि त्यांचीच फणी माझ्या केसांतून फिरवली. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती आणि मला तिचा भलताच अभिमान होता. नाचाला टाळ्या फार पडल्या. त्यानंतर काही दिवसांनी नववीच्या वर्गात मी फळ्यावर फुलाची आकृती काढत असताना हातातल्या खडूनंच डोकं खाजवायला लागले, ते थांबेचना.

घरी येऊन पांढऱ्या ओढणीवर केस विंचरले. ओढणीवर जे पडलं ते चालायला लागलं.

आता माझी अडचण लक्षात घ्या. त्या शाळेत दर शनिवारी मुलींची नखं, कान आणि केस तपासायची पद्धत मी सुरू केली होती. जिच्या डोक्यात ऊ सापडेल तिला ओरडत नव्हते मी, पण फळ्यावर लीख म्हणजे अंडं, मग पिल्लू, मग मोठी ऊ अशी सगळी जीवनकथा काढून शास्त्रोक्त समजावून सांगत असे. अशी बाई भाऊंच्या दुकानात जाऊन उवांचं औषध मागणार? मला तो आवाज आधीच ऐकू यायला लागला: "उवा? कोणाच्या? तुमच्या का?"

मी जिथं भाड्यानं राहत होते त्या घरच्या मालकिणीला सगळे अम्मा म्हणत, मीही म्हणे. ती बाजारात सुकी मासळी विकायची. तिची मराठी आणि माझी तेलुगू एकसारखीच होती, म्हणजे दोन्ही फारशा नव्हत्या. उवांचं सांगितलं तर ती मला अंगणातच झोपवेल अशी भीती वाटली, म्हणून मी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि विचारलं, भाऊंचं सोडून दुसरं मेडिकल नाही का गावात?

"हाय ना. नदीकडे," अम्मा म्हणाली. "लई चांगला माणूस. हळू बोलते."

हळू बोलतो हे ऐकून मला भरून आलं. "पण त्याले मराठी नाई येत," ती पुढे म्हणाली. मग तिनं मला शिकवलं. औषधाला म्हणायचं मंदु. पाहिजे म्हणजे कावाली. कुठे म्हणजे एक्कड. दुकान म्हणजे दुकाणम. डोकं म्हणजे तला, आणि दुखण्याला आणखी एक शब्द होता, तो मी घराच्या फाटकापर्यंत जाईतो विसरले.

अम्मानं एक गोष्ट सांगितली नाही, कारण तिच्या दृष्टीनं ती सांगण्यासारखी नव्हतीच. तेलुगूत मंदु म्हणजे औषध. आणि मंदु म्हणजे दारूसुद्धा. बायामाणसांनी मेडिकलमध्ये उभं राहून म्हटलं तर औषध, आणि रस्त्यात उभं राहून विचारलं तर दुसरं.

मी शाळा सुटल्यावर निघाले. नदीकडच्या गल्ल्या मला माहीत नव्हत्या. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ मासे धरायचं जाळं सांधत बसले होते. मी नमस्कार केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मंदु दुकाणम एक्कड?"

त्यांनी जाळं खाली ठेवलं. माझी छत्री, पर्स, हातातली शाळेची पुस्तकं, सगळं नीट बघितलं. "पंतुलम्मा?" त्यांनी विचारलं. पंतुलम्मा म्हणजे शाळेतली बाई, एवढं मला कळत होतं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे तुलाच हवंय का? मी जोरात मान हलवली. "मंदु कावाली. तला, तला," असं म्हणून मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि थोडं खाजवलंही.

त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही दया आली की मी अजून विसरले नाही. "रा अम्मा, रा," ये बाई ये, असं म्हणत ते पुढे चालू लागले. एका वळणावर चिंचेखाली त्यांनी मला थांबायची खूण केली. पुढे जायचं नाही, तुझ्यासारखीनं तिथं यायचं नाही, असं हातानंच सांगितलं. मला वाटलं, केवढा हा मान! मी दिलेली नोट घेऊन ते गेले आणि लगेच वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. माझ्या हातात देताना त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला आणि म्हणाले, "सगम नीळ्ळु." अर्ध्या पाण्याची खूणही केली.

घरी येऊन मी कागद सोडला. बाटलीवर कसली चिठ्ठी नव्हती. बूच काढलं तर दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा उग्र वास. आता कुणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई, हिला दारूचा वास कळू नये? नाही कळला. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जाई, आणि त्यातलं दारूबद्दलचं पाचवं शील वडील शेजारच्या क्वार्टरला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. दारू प्यालेला माणूस दिसला की आई आम्हाला रस्त्याच्या दुसऱ्या कडेला ओढून नेई. तो वास मला लांबूनच माहीत होता, बाटलीतून कधी नाही.

एकच शंका होती. म्हाताऱ्यांनी अंगठा तोंडाकडे नेला होता. पण उवा डोक्यात असताना औषध पोटात घेऊन काय उपयोग, मी शास्त्राची शिक्षिका होते. त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय, असं म्हणून मी अर्ध्या पाण्यात ते मिसळलं आणि केसांच्या मुळाशी चोळलं. डोकं आधी झणझणलं, मग थंडगार पडलं. उवा एकदम गप्प झाल्या. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सकाळी उठून मी आणखी लावलं, या वेळी पाणी जरा कमी घातलं आणि वेणी घट्ट बांधून शाळेत गेले.

फाटकाशीच आमच्या शाळेचे शिपाई भेटले. वयानं मोठे, सगळ्यांशी गोड. ते जवळ आले, थबकले, नाक वर करून हुंगले, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "शाळेत येताना असं रिकाम्या तोंडानं येत नसते." आणि खिशातून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. मला काही कळलं नाही. पण आदल्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मदत केली, आज हे लवंग देतात, गाव किती मायाळू आहे असं वाटून मी लवंग चघळत वर्गात गेले.

पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पंखा नसलेल्या त्या वर्गात उन्हात उभी राहून बोलत होते, त्यामुळे डोकं तापून वास चांगलाच सुटला असणार. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते ब्रह्मपुरीकडचे, कडक म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी त्यांनी स्वतः उठून खिडकी उघडली आणि मला खुर्ची दिली.

"प्रकृती कशी हाय बाई तुमची?"

"बरी आहे सर. औषध चालू केलं आहे."

"औषध," ते म्हणाले. "कवापासून?"

"कालपासूनच."

"किती?"

"अर्धं औषध, अर्धं पाणी. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. आज सकाळी जरा जास्तच झालं."

"सकाळी बी?"

"हो ना. म्हणजे शाळेत दिवसभर त्रास होत नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं वाटते का त्यानं?"

"डोकं एकदम हलकं वाटतं सर."

"घरी वडलाले माहीत हाय?"

"नाही सर!" मी घाबरून म्हटलं. "त्यांना नका सांगू. आमच्या घरात असं आजपर्यंत कुणाला झालं नाही."

आता माझी खात्री पटली होती की यांना सगळं कळलंय. मुलींनी मला खाजवताना बघितलं असणार. मी मान खाली घातली. हेडमास्तर फार मऊ आवाजात म्हणाले, "लाजू नका बाई. एकटा माणूस, एवढ्या दूर, होते असं. पण हे सुटते. मन घट्ट केलं तं सुटते. माह्या साळ्याचं सुटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा कडक माणूस, आणि सख्ख्या साळ्याच्या डोक्यातल्या उवांबद्दल इतक्या मोकळेपणानं सांगत होता.

"शाळा सुटली का आपण भाऊकडे जाऊ," ते म्हणाले. "त्याच्याजवळ याचं औषध हाय. साळ्याले मी तिथूनच नेलं होतं."

"भाऊ नको सर. ते ओरडतात."

"मी कानात सांगतो. तुमी निस्त्या उभ्या राहा."

शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. हेडमास्तर पुढे, मी मागे, आणि कुणी न सांगता शिपाई आमच्या मागे. बसस्टँडवर आलापल्लीकडे जाणारी बस भरून उभी होती. बाकडंही भरलेलं. हेडमास्तर दुकानात शिरले, आजूबाजूला बघितलं, भाऊंच्या कानाला हाताचा आडोसा केला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. भाऊ लक्ष देऊन ऐकत होते.

"दारू सोडवाची हाय?" भाऊ ओरडले. "तुमाले?"

बाकडं उठून उभं राहिलं.

"मले नाई!" हेडमास्तर म्हणाले.

"मंग कोणाले?"

हेडमास्तरांनी डोळे माझ्याकडे फिरवले.

"बाईले?" भाऊंचा आवाज चढला. "बाई, कवापासून पिऊन राह्यल्या तुमी?"

बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती, ती तशीच धरून तो बघत राहिला. आणि मला तिथं, त्या पायरीवर, एकामागून एक सगळं कळत गेलं. स्पिरिटचा वास. अंगठा तोंडाकडे. लवंग. हेडमास्तरांचा साळा. चिंचेखाली मला का उभं केलं ते.  वडील डोळ्यांसमोर आले, आणि त्यांचं ते पाचवं शील.

माणसाला कधीकधी निवड करावी लागते. मी छाती भरून श्वास घेतला आणि भाऊंपेक्षा मोठ्यानं ओरडले, "दारू नाही भाऊ! उवा! उवा झाल्या मले!"

भाऊंना हे एका दमात ऐकू आलं. "उवा?" त्यांनी विचारलं. "मंग त्याच्यासाठी दारू काऊन पिता? पिऊन उवा मरत नाई बाई."

"प्यायले नाही! डोक्याले लावली!"

 बसमधून एक बाई म्हणाली, "आता मंग बाईच्या उवा नाचत असतीन!" आणि जे हसणं सुरू झालं ते ड्रायव्हरपर्यंत गेलं. बाकडं एकमेकांच्या अंगावर पडलं. मीसुद्धा हसायला लागले, कारण रडायचं ठरवेपर्यंत हसू आलं होतं. फक्त शिपाई हसले नाहीत. ते दुःखानं म्हणाले, "वाया गेली ना बाई. केसायले."

 हेडमास्तरांचा चेहरा आधी मोकळा झाला, मग एकदम बदलला. ते माझ्यापासून एक पाऊल लांब सरकले आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. ते बघून बाकड्यावरच्या दोघांचे हात वर गेले. उवांचं नाव काढलं की सगळ्यांनाच खाजतं. थोड्या वेळानं दुकानासमोर न खाजवणारं कुणी उरलं नव्हतं.

भाऊंनी पांढऱ्या औषधाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "हे रात्री लावाचं, डोळ्यात नाई जाऊ द्याचं, सकाळी धुवाचं, मंग बारीक फणीनं काढाचं! आणि प्याचं नाई!" शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा म्हटलं.

तेवढ्यात मघाची बसमधली बाई खाली उतरून आली. "भाऊ, मले बी एक दे. पोरीच्या डोक्यात हायेत, आणि माह्या बी." तिच्या मागे आणखी एक आली. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले बी." कंडक्टर म्हणाला, ज्याला घ्यायचं असेल त्यानं घ्यावं, बस थांबली आहे. भाऊंच्या दुकानात इतके दिवस हे औषध धूळ खात पडलं होतं. कुणाची मागायची छातीच झाली नव्हती, कारण मागायचं भाऊंकडेच होतं. आज सगळ्यांचं मिळून एकदाच ओरडून झालं होतं. बाटल्या संपल्या तेव्हा हेडमास्तर काउंटरवर वाकून हळूच विचारत होते, आणि भाऊ सांगत होते, "संपली सर! तुमच्यासाठी सोमवारी मागवतो!"

मी घरी येऊन अम्माला सगळं खरं सांगितलं. उरलेली बाटलीही दाखवली. तिनं बूच काढून हुंगलं आणि खाली बसून ती इतकी हसली की तिची सून चुलीपुढून धावत आली. मग मंदु या शब्दाचे दोन अर्थ मला दोघींनी मिळून समजावून सांगितले, आणि एकीनं झोकांड्या खाऊनही दाखवल्या. मला अंगणात झोपवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. "अगं, आमच्या घरात नाई का?" अम्मा म्हणाली आणि सुनेचं डोकं माझ्यासमोर धरलं.

रविवारी दुपारी तिनं मला ओट्यावर पुढ्यात बसवलं, वेणी सोडली आणि बारीक फणीनं एकेक बट विंचरू लागली. पहिली सापडली तशी म्हणाली, "पेनु."

"पर्समध्ये आहे," मी म्हटलं.

ती पुन्हा "पेनु, पेनु" म्हणाली. मी उठून पर्समधला पेन आणून तिच्या हातात दिला. तिनं तो बाजूला ठेवला आणि आपला अंगठा माझ्या नाकापुढे धरला. नखावर ऊ होती. तेलुगूत तिलाच पेनु म्हणतात. माझं तेलुगूचं शिक्षण खरं म्हणजे त्या दुपारी सुरू झालं. नाक, कान, केस, फणी, सून, हसू. अम्मा एकेक शब्द सांगायची आणि एकेक ऊ नखावर मारायची.

घर सोडल्यापासून माझ्या केसांत कुणी असा हात घातला नव्हता. तिच्या हातांना मासळीचा वास होता आणि माझ्या डोक्याला त्या पांढऱ्या औषधाचा, तरी मला पेंग येऊ लागली. मध्येच ती सुनेला काहीतरी म्हणाली. मला त्यातला फक्त पंतुलम्मा एवढा शब्द कळला. दोघी हसल्या, आणि मग माझं डोकं तिनं आपल्या गुडघ्यावर टेकवून घेतलं.